मुरुमांच्या चेहऱ्याला लेसर: आधी काय, मग काय

लग्नाची तारीख ठरली की चेहऱ्याचा विचार सुरू होतो. मुरुमं असतील तर त्या विचाराची लवकरच काळजी होते, आणि मग रोजच्या रस्त्यावरचे ‘लेसर’, ‘पील’, ‘ग्लो’ असे फलक एकदम नजरेत भरू लागतात. सहा सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ भरले तर सवलत, आणि महिनाभरात फरक पडेल असं आश्वासन. हे उपचार खोटे आहेत असं मला म्हणायचं नाही. माझं म्हणणं त्यांच्या जागेबद्दल आहे. चेहऱ्यावर रोज नवी मुरुमं उठत असताना लेसरवर घातलेला पैसा बहुतेक वेळा वाया जातो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर कधी कधी उलट इजा करून जातो. आधी औषधानं मुरुमं आटोक्यात आणायची, मग काळे डाग घालवायचे आणि सर्वांत शेवटी खड्ड्यांकडे वळायचं, हा क्रम पाळला तर तेच लेसर खरोखर उपयोगी पडतं. क्रम उलटा केला तर चांगलं यंत्र आणि चांगला डॉक्टर असूनही हाती फारसं काही लागत नाही.

याचं कारण मुरूम तयार कसं होतं त्यात आहे. ते दिसतं त्वचेवर, पण सुरू होतं केसाच्या मुळाशी. तिथल्या तैलग्रंथी वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे जास्त तेल स्रवू लागतात. छिद्राच्या आतल्या मृत पेशी नीट झडत नाहीत, तेलात चिकटून त्यांचं बूच बसतं. त्या बंद जागेत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू फोफावतो, शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि लाल, दुखरी पुटकुळी वर येते. डोळ्यांना न दिसणाऱ्या बुचापासून दिसणाऱ्या मुरुमापर्यंत पोचायला साधारण आठ आठवडे लागतात. म्हणजे आज आरशात दिसणारं मुरूम दोन महिन्यांपूर्वीच सुरू झालेलं असतं, आणि पुढच्या महिन्यात येणारी मुरुमं स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेखाली आजच तयार होत असतात. एका सिटिंगनंतर लाली बसली आणि पंधरा दिवसांत गालावर नवी चार उठली, ही तक्रार म्हणूनच इतकी सर्रास ऐकू येते. जे दिसत होतं त्यावर उपचार झाला, जे येणार होतं त्याला कुणी हात लावला नाही.

पुराव्यांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ च्या सुरुवातीला मुरुमांच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं प्रसिद्ध केली. बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीनसारखी रेटिनॉइड मलमं, पोटात घ्यायचं डॉक्सिसायक्लीन, आणि मुरुमं तीव्र असतील किंवा वण सोडत असतील तर आयसोट्रेटिनोइन, यांची त्यात ठाम शिफारस आहे. केमिकल पील, लेसर, प्रकाशयंत्रं आणि मायक्रोनीडलिंग यांच्याबाबत मात्र शिफारस करता येईल एवढा पुरावा उपलब्ध नाही, असं त्याच कागदपत्रात स्पष्ट म्हटलं आहे. त्याआधी २०१६ मध्ये कॉक्रेन संस्थेनं प्रकाश-उपचारांच्या ७१ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. त्यांत चार हजारांहून अधिक रुग्ण होते, तरीही निष्कर्ष असाच निघाला की भक्कम पुरावा नाही. चाचण्या छोट्या, प्रत्येकीत यंत्र वेगळं, मोजण्याची पद्धत वेगळी, आणि रुग्णांवर नंतर फार काळ लक्ष ठेवलेलं नाही. निळ्या प्रकाशानं जिवाणू काही प्रमाणात मरतात हे खरं आहे; पण प्रकाश थांबला की ते पुन्हा वाढतात, आणि तैलग्रंथी तर आपलं काम करतच राहते.

यावर जाणकार वाचक म्हणतील की आता खुद्द तैलग्रंथीवर काम करणारं लेसर आलं आहे. आक्षेप योग्य आहे. १७२६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्वचेतल्या तेलात अधिक शोषला जातो, त्यामुळे आजूबाजूची त्वचा थंड ठेवून ग्रंथीला उष्णता देता येते. अशा यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये मान्यता दिली. साधारण महिन्याच्या अंतरानं तीन सिटिंग असा त्याचा कार्यक्रम असतो आणि मिळालेले निकाल आशा वाटावी असे आहेत. पण मान्यतेमागच्या मुख्य चाचणीत शंभराच्या आसपास रुग्ण होते आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. मुरुमं आपोआपही कमी-जास्त होतात. तेव्हा यातलं किती श्रेय यंत्राचं आणि किती काळाचं, हे अशा चाचणीतून नेमकं सांगता येत नाही. गोळ्या ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी हा पर्याय पुढे महत्त्वाचा ठरू शकेल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या जवळच्या दवाखान्यात ‘ॲक्ने लेसर’ म्हणून जे मिळतं ते हेच असेल असं अजिबात नाही. बहुतेक ठिकाणी ते १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग असतं, चेहऱ्यावर काळा कार्बनचा लेप लावून केलं की त्यालाच ‘कार्बन पील’ म्हणतात. त्यानं त्वचा काही दिवस तुकतुकीत दिसते, तेलकटपणा थोडा कमी वाटतो. मुरुमांचा आजार आवरत नाही. तरंगलांबी कोणती, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

पीलबद्दल थोडं नरम बोलायला हवं. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, त्यामुळे ते छिद्रात शिरून बूच सैल करतं. २० ते ३० टक्क्यांचं सॅलिसिलिक किंवा मँडेलिक आम्लाचं पील अनुभवी हातानं केलं तर काळी-पांढरी टोकं असलेल्या बारीक पुटकुळ्यांना त्याचा फायदा होतो. मात्र ते औषधाला जोड म्हणून. पार्लरमधलं फेशियल ही वेगळीच बाब आहे. तेलकट क्रीमचा मसाज, वाफ आणि मग नखांनी किंवा सुईनं दाबून काढलेल्या पुटकुळ्या, हे सगळं उठलेल्या मुरुमांच्या चेहऱ्यावर करणं म्हणजे दाह आणखी खोल ढकलणं. ते करू नये, एवढंच.

आता आपल्या त्वचेच्या रंगाकडे येऊ, कारण लेसरचा सगळा हिशेब तिथे बदलतो. हार्वर्डचे त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हात त्वचा कशी वागते यावरून तिचे प्रकार पाडायला सुरुवात केली. आज त्या मापनात सहा प्रकार आहेत आणि बहुसंख्य भारतीय चौथ्या-पाचव्यात मोडतात. पुढे १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी लेसरचं मूळ तत्त्व मांडलं: ज्या घटकात विशिष्ट प्रकाश शोषला जातो तो घटक निवडून तापवायचा, शेजार सुरक्षित ठेवायचा. आपल्या बाबतीत अडचण अशी की त्वचेच्या वरच्याच थरात मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असतं आणि तेही प्रकाश शोषून घेतं. ज्या खोलवरच्या लक्ष्यासाठी किरण सोडला त्यातली बरीच ऊर्जा वाटेतच, वरच्या थरात खर्च होते. परिणामी भाजणं, फोड, आणि त्याहून जास्त वेळा दिसणारा प्रकार म्हणजे दाहानंतर उमटणारा काळा डाग. मुरूम स्वतःच असा डाग सोडतं. वर चुकीच्या मापाचं लेसर झालं तर डागावर डाग. लांब तरंगलांबीचं लेसर, कमी ऊर्जा, कमी घनता, दोन सिटिंगमध्ये जास्त अंतर आणि त्वचा थंड ठेवण्याची सोय, हे सगळं याचसाठी लागतं. आयपीएलसारखा अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश सावळ्या त्वचेवर जोखमीचा असतो. गोऱ्या युरोपीय चेहऱ्यांवरचे ‘आधी-नंतर’ फोटो पाहून आपल्या चेहऱ्याचा अंदाज बांधू नये तो यामुळे.

काही लोक दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात, भारतीय त्वचेला लेसर चालतच नाही. तेही बरोबर नाही. चालतं, पण शांत त्वचेला चालतं. दाह पेटलेला असताना रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी आधीच चेतवलेल्या असतात, त्यांना आणखी उष्णता दिली की त्या दुप्पट जोमानं कामाला लागतात. मुरुमं शमवून, काही आठवडे नियमित सनस्क्रीन लावून तयार केलेल्या त्वचेवर हा धोका बराच घटतो. क्रमाचा आग्रह म्हणूनच केवळ पैशाच्या बचतीसाठी नाही, सुरक्षिततेसाठी आहे.

मग पहिला टप्पा कसा असावा? सौम्य ते मध्यम मुरुमांसाठी रात्री ॲडापलीन आणि त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड हा साधा, स्वस्त आणि तपासून पाहिलेला मार्ग आहे. मलम मुरुमापुरतं टिपक्यासारखं लावायचं नसतं. पूर्ण चेहऱ्यावर मटारच्या दाण्याएवढं, पातळ लावायचं, कारण लक्ष्य आहे ते न दिसणारं बूच. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलते, कधी मुरुमं वाढल्यासारखी वाटतात. इथेच बहुतेक जण औषध सोडतात आणि लेसरकडे वळतात. एक दिवसाआड लावलं, वर साधं मॉइश्चरायझर लावलं तर हा काळ निभावतो. हनुवटी आणि जबड्यावर दर महिन्याला उठणारी मुरुमं, अनियमित पाळी, चेहऱ्यावर जाड केस असं एकत्र दिसलं तर पीसीओएस या संप्रेरक-विकाराची तपासणी करून घ्यावी. संप्रेरकांचा प्रश्न त्वचेवर लेसर मारून सुटत नाही. अशा मुलींना हनुवटीचे केस काढण्यासाठी लेसर घ्यायचं असतं, त्यात गैर काही नाही, पण संप्रेरकांवर उपचार न करता ते केलं तर केस परत येत राहतात, आणि क्वचित त्याच भागात वाढतातही. डोक्याला भरपूर तेल लावून झोपायची सवय असेल तर कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचं कारण तिथेच शोधावं. लिंबू, टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यापासून लांब ठेवावा.

एका गोष्टीबद्दल मात्र मला तळमळीनं सांगायचं आहे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, गोरेपणासाठी किंवा ‘डाग जाण्यासाठी’ म्हणून नातेवाइकांनी सुचवलेली क्रीम्स. यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं: बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल. आठवडाभर चेहरा उजळतो, मुरुमं बसतात; मग क्रीम थांबवलं की दुप्पट उसळतात, म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात जळजळ होते, केस येतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर निर्बंध घातले, तरी ती मिळतातच. अशा पातळ झालेल्या त्वचेवर पील किंवा लेसर करणं धोक्याचं आहे. डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक क्रीमची ट्यूब बरोबर न्या. नाव आठवत नाही म्हणून हा भाग सोडू नका.

औषधाला वेळ लागतो, हा सर्वांत मोठा आक्षेप. लागतो, दोन ते तीन महिने. पण सहा सिटिंगचं पॅकेजही चार-सहा महिने चालतं, हे कुणी मोजत नाही. दुसरा आक्षेप आयसोट्रेटिनोइनच्या दुष्परिणामांचा. भीती अगदी निराधार नाही: गर्भावर या औषधाचा गंभीर परिणाम होतो, म्हणून ते चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिना गर्भधारणा होऊ देता कामा नये. लग्न ठरलेल्या मुलीनं ही गोष्ट डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलायलाच हवी. ओठ फुटतात, यकृत आणि चरबीच्या रक्तचाचण्या कराव्या लागतात, मन खिन्न वाटू लागलं तर लगेच सांगावं लागतं. पण १९८२ पासून हे औषध वापरात आहे, त्याचे धोके माहीत आहेत आणि त्यांवर नजर ठेवता येते. आणि खोल गाठींच्या मुरुमांत खड्डे पडण्यापासून चेहरा वाचवणारं याच्या तोडीचं दुसरं काही नाही. गरोदरपणी किंवा मूल हवं असताना ते बादच. तिथे ॲझेलाइक आम्लासारखी मलमं आहेत. लेसरला दुष्परिणाम नाहीत, हे म्हणणं तर वरचा रंगद्रव्याचा सगळा भाग वाचल्यावर टिकत नाही.

आयसोट्रेटिनोइन संपल्यावर सहा महिने काहीच करायचं नाही, असा नियम पूर्वी सरसकट सांगितला जाई. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आणि भारतातल्याही तज्ज्ञांनी पुरावे तपासून तो सैल केला: वरवरचे पील, केस काढण्याचं लेसर, त्वचा न सोलणारं फ्रॅक्शनल लेसर यांसाठी थांबण्याला ठोस आधार नाही. पूर्ण चेहरा सोलणारं लेसर आणि यंत्रानं घासून केलेलं डर्माब्रेजन मात्र अजूनही टाळावं असंच ते सांगतात.

मुरुमं आटोक्यात आली की उरतात डाग आणि खड्डे, आणि यांत गल्लत करू नये. सपाट तपकिरी डाग म्हणजे रंगाचा प्रश्न. बोट फिरवलं तर तिथे काही जाणवत नाही. असे बहुतेक डाग काही महिन्यांत आपोआप फिके होतात, ॲझेलाइक आम्ल किंवा रेटिनॉइडनं थोडे लवकर. अट एकच, ऊन. एसपीएफ ३० किंवा अधिक, दोन बोटांवर मावेल एवढं, दर दोन-तीन तासांनी. आपल्या त्वचेचा रंग दृश्य प्रकाशानंही गडद होतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन अधिक चांगलं. या डागांसाठी घाईनं लेसर घेण्यात शहाणपण नाही.

खड्डे मात्र आपोआप जात नाहीत, आणि लेसरची खरी जागा इथे आहे. तिथेही ते एकटं पुरत नाही, कारण खड्डे एका जातीचे नसतात. सुईनं टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे असतील तर त्यांच्या तळाशी काडीनं तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल लावतात, किंवा तो बिंदूच पंच करून काढतात; लेसरचा किरण तेवढा खोल पोचतच नाही. लाटेसारखे पसरट खड्डे खालच्या तंतूंनी आत ओढलेले असतात. आधी सुईनं ते तंतू कापावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. पेटीसारख्या सरळ कडांच्या उथळ खड्ड्यांना फ्रॅक्शनल लेसर चांगलं लागू पडतं. त्वचेत बारीक बारीक खांबांसारख्या जागा तापवायच्या आणि मधली त्वचा अखंड ठेवायची, म्हणजे भरून येणं लवकर होतं, ही फ्रॅक्शनलची कल्पना २००४ मध्ये मांडली गेली. कार्बन डायऑक्साइड लेसर जास्त परिणामकारक, पण आपल्या त्वचेवर डागाची शक्यताही जास्त. अर्बियम ग्लास सौम्य, सिटिंग जास्त. सुयांतून रेडिओलहरी सोडणाऱ्या मायक्रोनीडलिंगमध्ये प्रकाशच नसल्यानं मेलॅनिनची अडचण कमी होते, म्हणून सावळ्या त्वचेसाठी अनेक डॉक्टर ते आधी सुचवतात. खोली किंवा ऊर्जा चुकली तर भाजण्याची जोखीम त्यातही असते. एकाच चेहऱ्यावर तिन्ही जातींचे खड्डे असू शकतात, त्यामुळे ‘फक्त लेसर’ सांगणाऱ्यापेक्षा प्रत्येक खड्ड्याकडे बोट दाखवून वेगळा उपाय सांगणारा डॉक्टर निवडावा. खड्डे उथळ होतात, नाहीसे होत नाहीत, आणि नवं कोलाजन तयार व्हायला महिने लागतात. छातीवर, खांद्यावर किंवा जबड्याच्या कडेला वण उंच, जाड होण्याची प्रवृत्ती असेल किंवा वारंवार ओठांवर हर्पिसचे फोड येत असतील, तर ते आधी सांगा.

हे करणारा कोण आहे, हा प्रश्न यंत्राइतकाच मोठा. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका असलेला डॉक्टर आणि ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावलेली व्यक्ती यांत फरक आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला स्पष्ट सांगावं लागलं की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून मिळालेलं ज्ञान सौंदर्योपचार करण्यासाठी पुरेसं प्रशिक्षण ठरत नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येते. लेसर प्रत्यक्षात कुणाच्या हातात असणार, डॉक्टरांच्या की मदतनिसाच्या, हे विचारा. आधी कानामागे छोटी चाचणी घेतील का, भाजलं तर काय करतील, याचं उत्तर मिळाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.

लग्न तीन आठवड्यांवर असेल तर काय? तेव्हा नवं काहीही सुरू करू नये. ऐन वेळी एखादी मोठी गाठ उठलीच तर डॉक्टर तिच्यात स्टेरॉइडचं सौम्य इंजेक्शन देऊ शकतात, दोन-तीन दिवसांत ती बसते. तिथे खळगा पडण्याची थोडी शक्यता असते, म्हणून ते त्यांनीच द्यावं. औषध सुरू करण्यासाठी हाताशी सहा महिने हवेत, खड्ड्यांसाठी वर्ष, आणि सोलणारं लेसर एप्रिल-मेच्या उन्हात नको. सहा सिटिंगचे पैसे आगाऊ मागितले जात असतील आणि तुमच्या गालावर आजही नवी मुरुमं उठत असतील, तर ते पैसे भरू नका. त्याच डॉक्टरांना विचारा की आधी मुरुमं थांबवण्यासाठी ते काय देणार आहेत.